कोरड्या नदीकाठचा मार्ग क्रमांक नऊ

माझा थोरला भाऊ चाळिशी जवळ आल्यावर सायकल घेऊन घरी आला, तेव्हा वहिनींनी कपाळावर हात मारून घेतला. "मिरजेत सायकल होती तेव्हा स्कूटरसाठी जीव टाकायचे. आता दारात दोन दोन गाड्या उभ्या आहेत, तर ह्यांना सायकल हवी झाली!" पण ती साधी सायकल नव्हतीच. जाड दातेरी टायर, सरळ दांडी, पंधरा गिअर. दगडधोंड्यांतून, डोंगरातून चालवायची सायकल. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर ह्या सायकली नव्यानंच निघाल्या होत्या, आणि ॲरिझोनात आमच्या चँडलर गावच्या रस्त्यावरून कुणी ती घेऊन निघालं की लोक वळून बघायचे. आठ दिवसांनी दादानं तसलीच आणखी एक आणली. "तुझी आहे," म्हणाला. मला हवी का, हे विचारायची त्याला गरज वाटली नाही.

दादा माझ्याहून अकरा वर्षांनी मोठा. वडील गेले तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो, आणि तिथून पुढे मला वाढवलं ते त्यानं. माझं कॉलेज त्यानं केलं, मला अमेरिकेत त्यानं आणलं, इथली नोकरीसुद्धा त्याच्याच ओळखीनं लागली. तो चिप बनवणाऱ्या एका कंपनीत इंजिनिअर होता, मी फिनिक्समध्ये दुसऱ्या एका कंपनीत. राहायला त्याच्याच घरी, मागच्या खोलीत. अठ्ठाविसाव्या वर्षी मी वहिनींच्या हातचा डबा घेऊन ऑफिसला जायचो. दोघांना मूल नव्हतं. ती जागासुद्धा मीच भरायची, असं कुणी न बोलता ठरून गेलं होतं.

सायकलीमागं त्याचा एक नाद होता. ॲरिझोनाच्या दक्षिणेला, मेक्सिकोच्या हद्दीकडे, स्पॅनिश लोकांच्या जुन्या खुणा आहेत. दोन-अडीचशे वर्षांपूर्वी त्यांचे पाद्री घोड्यावरून त्या मुलखात आले, कच्च्या विटांची चर्च बांधली, सैनिकांची ठाणी उभी केली, फळबागा लावल्या. पुढं सगळं सोडून गेले. आता कुठं चार भिंती, कुठं नुसता चौथरा, कुठं बाभळीसारख्या काटेरी झाडांत बुजलेली दफनभूमी. दादा लायब्ररीतून पुस्तकं आणायचा, सरकारी नकाशे विकत घ्यायचा आणि त्यांवर पेन्सिलनं मार्ग आखायचा. मार्ग क्रमांक एक, मार्ग क्रमांक दोन, असे. प्रत्येक मार्गाची वहीत मराठीत टिपणं. "येथे कुत्रा आहे." "चढ. उतरून ढकलणे." "पाद्री येथे मुक्कामास असत." त्याचं अक्षर मोत्यासारखं होतं.

"अरे दादा, पण आपलं ह्यात काय आहे?" मी एकदा वैतागून विचारलं.

"परक्या मुलखात येऊन कुणीतरी घर बांधलं आणि ते टिकलं नाही," तो म्हणाला. "बघून तरी येऊ."

मी हसलो होतो. वहिनी आतून ओरडल्या, "पडकी देवळं बघायला माणूस सातासमुद्रापार आलाय! आपल्याकडे काय कमी होती?"

सव्वा वर्षात आम्ही आठ मार्ग केले. खोटं कशाला सांगू, मला ते आवडायला लागलं होतं. पण कबूल करायचं नाही, हा माझा स्वभाव. दादा पुढं, मी मागं. तो थांबला की मी थांबायचं, तो निघाला की निघायचं. भूक लागली का, पाय दुखतात का, हे त्यानं विचारायचं आणि मी उत्तर द्यायचं. तो स्वतः कधी काही मागायचा नाही. घरात शेवटची पोळी उरली की "मला नको, ह्याला वाढ." गाडीत सावलीची बाजू असली की "तू बस तिकडं." थंडीत एकच जाड पांघरूण होतं तेव्हाही तेच. लोक म्हणायचे, भाऊ असावा तर असा. मीही मान डोलवायचो. आणि आतून इतका चिडायचो, की काय सांगू! ज्यानं कधी काही घेतलंच नाही, त्याची परतफेड करायची तरी कशी? त्याच्या चांगुलपणाखाली मी गुदमरत होतो.

म्हणून त्या वसंतात मी गुपचूप अर्ज केला आणि टेक्सासात अर्विंगला नोकरी मिळवली. पगार बरा होता, पण ते निमित्त. मला त्या मागच्या खोलीतून बाहेर पडायचं होतं. दादाला सांगितलं तेव्हा तो जेवत होता. "बरं," म्हणाला, आणि ताक मागून घेतलं. पुढचे पंधरा दिवस त्यानं विषय काढला नाही. मग एक दिवस नकाशा घेऊन माझ्या खोलीत आला. "जायच्या आधी मार्ग नऊ करू. हा सगळ्यांत चांगला आहे."

"मे संपत आलाय दादा. ऊन बघितलंस?"

"लवकर निघू. चौदा मैलांवर जुन्या वाडीची पवनचक्की आहे, गुरांसाठी पाण्याची टाकी आहे. नकाशात दाखवलंय. तिथं बाटल्या भरून घेऊ."

मी नाही म्हणायला हवं होतं. पण मोठ्या भावाला तोंडावर नाही म्हणायची सवय नव्हती मला. पाठीमागं अर्ज करायची होती.

टुसॉनच्याही खाली तास-दीड तास गेल्यावर आम्ही गाडी लावली. एका पडक्या चर्चपासून मार्ग सुरू होत होता. छप्पर केव्हाच गेलेलं, भिंती पावसानं झिजून गोल झालेल्या, वर सरकारनं पत्र्याची शेड घातलेली. आत जिथं मूर्ती असावी तिथं नुसता कोनाडा होता. आम्ही भिंतीच्या सावलीत बसून वहिनींनी दिलेल्या दशम्या खाल्ल्या, शेंगदाण्याच्या चटणीबरोबर. दादानं वही काढली, काहीतरी टिपलं, आणि वहीकडे बघतच म्हणाला, "चार खोल्यांचं घर घेतलं ते आम्हा दोघांसाठी नव्हतं घेतलं."

"मी घ्यायला सांगितलं होतं का?"

"तुझ्यापायी मी किती वर्षं लग्नाचा थांबलो, कधी बोललो का मी?"

"बोललास की आत्ता!"

त्यानं वही मिटली. मला वाटलं, आता तरी हा माणूस ओरडेल. एक थोबाडीत दिली असती तरी चाललं असतं. पण नाही. "उरलेली दशमी तू खा," म्हणाला, "मला नको."

मी ती खाल्ली नाही. डब्यात तशीच ठेवली आणि सायकलवर बसलो. पुढचे दोन तास आम्ही एकमेकांशी अक्षरही बोललो नाही. मार्ग मात्र खरंच सुंदर होता, हे आजही मान्य करतो. कोरडी नदी, काठाला उंच झाडांची रांग, पलीकडे निळसर डोंगर, मधेच जुन्या ठाण्याची ढासळलेली भिंत. दादानं तिथं थांबून भिंतीला हात लावला. मी सायकलवरून उतरलोसुद्धा नाही. एका दगडी उतारावर त्याच्या सायकलला असा दणका बसला की एक बाटली जाळीतून निसटून खडकावर आपटली आणि फुटली. त्यानं मागं वळून पाहिलं आणि पुढं निघाला. दुसरी बाटली त्यानं आधीच संपवली होती, हे मला दिसत होतं.

दहाच्या सुमाराला आम्ही पवनचक्कीपाशी पोचलो. तिची पाती गंजून एका बाजूला लोंबत होती. टाकीच्या तळाला भेगा पडलेला चिखल आणि एका वासराचा सांगाडा. दादानं नकाशा उलगडला, मागच्या बाजूला छापलेलं साल वाचलं आणि पुन्हा घडी घातली. वीस-बावीस वर्षांपूर्वीचा नकाशा होता तो. एवढा हुशार इंजिनिअर, चिपमधली केसाएवढी चूक पकडणारा, आणि साल बघायचं राहून गेलं.

परत जायला चौदा मैल, पुढं मोठ्या रस्त्यापर्यंत गेलं तर बारा. सावली कुठंही नाही. माझ्याजवळ एक बाटली पाणी होतं. पूर्ण भरलेली. मी ती काढली आणि त्याच्यापुढं धरली. "घे."

"नको, तू घे. मला तेवढी तहान नाही."

आता हे नीट सांगायला हवं, कारण सगळं इथंच घडलं. आमच्या घरात पहिल्या विचारण्याला कुणी हो म्हणत नाही. पहिलं नको रीत म्हणून असतं, दुसरं समोरच्याला कमी पडू नये म्हणून, आणि तिसऱ्या आग्रहाला माणूस मुकाट्यानं ताट पुढं करतो. हे कुणी शिकवत नाही, दुधाबरोबर पोटात जातं. त्याचे ओठ पांढरे पडले होते, डोळे लाल झाले होते. ते नको किती खरं आहे हे मला लख्ख कळत होतं. मी फक्त एवढंच म्हणायचं होतं, "घे रे दादा, उगाच काय?" तो म्हणाला असता, "अरे खरंच नको." मग मी बाटली त्याच्या हातात कोंबायची. बस्स. दोन वाक्यांचं काम होतं.

पण माझ्या डोक्यात सकाळचं सगळं घुमत होतं. ती दशमी, ते घर, ती लग्नाची वर्षं. मला वाटलं, घ्या, आला पुन्हा मोठेपणा! आता ह्या पाण्याचंही ओझं जन्मभर वागवा. ऑफिसातले अमेरिकन म्हणायचे, तुम्ही लोक मनातलं सरळ का बोलत नाही? तर म्हटलं, चला, आज सरळच वागू. नको म्हणतोस ना? मग नको.

मी बाटलीचं झाकण काढलं आणि त्याच्यासमोर प्यायलो. लहानपणापासूनची सवय, बाटलीला तोंड न लावता वरून धार धरायची, उष्टी व्हायला नको म्हणून. वारा होता. अर्धं पाणी हनुवटीवरून गळ्यात, शर्टवर सांडलं. दादा बघत होता. मी थांबलो नाही. बाटली पुरती रिकामी केली, उलटी करून झटकली आणि जाळीत ठेवली.  दादा नकाशा खिशात घालून सायकलवर बसला आणि पुढच्या वाटेनं निघाला.

पहिले चार-पाच मैल तो नेहमीसारखा पुढं होता. मग मी पुढं गेलो. असं आधी कधी झालं नव्हतं, आणि लाज वाटायच्या ऐवजी मला बरं वाटलं. मधे एकदा वळून पाहिलं तर तो सायकल ढकलत चालला होता, सपाट रस्त्यावर. मी थांबलो. जवळ आला तेव्हा त्याच्या अंगावर घामाचा थेंब नव्हता. कातडी कोरडी, रापलेली. "आईला सांगू नकोस," म्हणाला. आई जाऊन सहा वर्षं झाली होती. मग तो सायकलसकट बाजूच्या काट्यांत पडला.

भीती म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. मी त्याला हलवलं, हाका मारल्या, माझा शर्ट काढून त्याच्या डोक्यावर धरला. शर्ट केव्हाच वाळून कडक झाला होता. त्यावर सांडलेलं पाणी अर्ध्या तासापूर्वीच उडून गेलं होतं. त्याला एका झुडपाच्या तोकड्या सावलीत ओढलं आणि सायकलवर बसून मोठ्या रस्त्याकडे सुटलो. रडत होतो, ओरडत होतो, रिकाम्या बाटलीला शिव्या देत होतो. रस्त्यावर एक म्हातारा जुना ट्रक घेऊन भेटला. त्याला इंग्लिश येत नव्हतं, मला स्पॅनिश येत नव्हतं, पण माझा चेहरा बघून त्यानं एक शब्द विचारला नाही. ट्रकच्या पुढच्या बाजूला टांगलेली पाण्याची पिशवी काढून माझ्याकडे फेकली आणि गाडी कच्च्या रस्त्यावर घातली. दादापाशी पोचल्यावर त्याचं डोकं मांडीवर घेऊन म्हातारा त्याच्या अंगावर पाणी ओतत राहिला. मी बघत राहिलो.

टुसॉनच्या हॉस्पिटलात तिसऱ्या दिवशी दादानं डोळे उघडले. जीव वाचला होता, किडन्या बसल्या होत्या. डॉक्टरांनी सांगितलं, उष्णतेनं शरीरातले स्नायूच विरघळतात, आणि तो गाळ किडनीत जाऊन बसतो. पुष्कळदा किडन्या पुन्हा चालू होतात, वाट बघू. वहिनी कॉटशेजारी उभ्या होत्या. ओळखीच्या एका काकांनी त्यांना चँडलरहून आणून सोडलं होतं. त्यांनी तीन दिवसांत मला काही विचारलं नव्हतं. आता त्यांनी दादालाच विचारलं, "अहो, पाणी नव्हतं का बरोबर?"

दादानं माझ्याकडे पाहिलंही नाही. "माझी बाटली फुटली," तो म्हणाला. आवाज घोगरा, तुटक. "टाकी कोरडी निघाली. ह्याचं पाणी तर त्याच्या आधीच संपलं होतं."

मी काय केलं? काही नाही. खाली फरशीकडे बघत उभा राहिलो. पुन्हा एकदा त्यानं स्वतः काही घेतलं नाही आणि मला दिलं, आणि ह्या वेळी मी गपकन घेतलं.

वहिनी बाहेर गेल्यावर तो म्हणाला, "थोडं पाणी दे रे."

आयुष्यात पहिल्यांदा त्यानं माझ्याकडे काही मागितलं. आणि नर्सनं सकाळीच बजावलं होतं, पाणी बंद. किडनी चालत नाही, प्यालेलं पाणी बाहेर पडणार नाही, छातीत भरेल. दिवसाला चार कप, तेही मोजून, आणि त्या दिवसाचे देऊन झाले होते. "देता येत नाही दादा," मी म्हणालो. त्यानं परत मागितलं. मग परत. तिसऱ्यांदा मागताना तो लहान मुलासारखा कळवळून मागत होता. मी उठून बाथरूममध्ये गेलो आणि दार लावून घेतलं.

किडन्या पुन्हा चालू झाल्या नाहीत. मी अर्विंगची नोकरी कॅन्सल केली. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, चार चार तास. एक दिवस वहिनी ड्राइव्ह करायच्या, दोन दिवस मी. दादा त्या खुर्चीत बसून नळीतून फिरणारं आपलं रक्त बघायचा. मी शेजारी. त्या तासांत आम्ही गप्पा मारायचो, राजकारण, क्रिकेट, मिरजेची माणसं. पवनचक्कीपाशी काय झालं ते त्यानं काढलं नाही, मीही काढलं नाही. कितीदा जिभेवर आलं. दादा, मला कळत होतं रे, तुला हवं होतं ते. एवढंच म्हणायचं होतं. एकदा मी डॉक्टर असलेल्या एका काकांना आडून विचारलं, आणखी एखादी बाटली असती तर? ते म्हणाले, "अरे, त्या उन्हात एका बाटलीनं काय होतंय? मुळात जायलाच नको होतं." मी ते वाक्य कितीतरी महिने घोकलं. पटलं एकदाही नाही.

उन्हाळ्यात त्याचे हाल व्हायचे. चँडलरचा उन्हाळा आणि दिवसाला चार कप. वहिनी बर्फाचे तुकडे मोजून द्यायच्या, तो ते गालात धरून बसायचा. त्या घरात मला समोर पाणी पिववेना. स्वयंपाकघरात पाठ करून, नळ बारीक सोडून, आवाज न करता प्यायचो. अशी चार वर्षं गेली. चौथ्या वर्षी थंडीत त्याचं हृदय थकलं. फार त्रास झाला नाही, असं सगळे म्हणाले.

तेराव्यानंतर घर रिकामं झालं. माणसं आपापल्या गावी परतली. वहिनी आणि मी जेवणाच्या टेबलाशी समोरासमोर बसलो होतो. दुपारची वेळ होती. मी ठरवलं होतं, आज सांगायचं. आता कुणाला वाचवायचं राहिलं नव्हतं. शब्दसुद्धा जुळवून ठेवले होते. तेवढ्यात वहिनीच बोलल्या.

"एक विचारू? त्या दिवशी थोडं पाणी असतं, तर हे वाचले असते का रे?"

"कदाचित, वहिनी," मी म्हणालो. "मला तुम्हाला त्याबद्दलच..."

"नको." त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. "मला माहीत आहे तू काय म्हणणार आहेस ते. चार वर्षं बघतेय मी. चांगली नोकरी सोडलीस, लग्नाचं नाव काढत नाहीस, आमच्या देखत पाण्याचा घोटसुद्धा घेतला नाहीस. कशाला स्वतःला एवढा छळतोस? तुझ्याजवळ असतं, तर तू आधी ह्यांना पाजलं असतंस. एवढं काय मला कळत नाही?"

त्यांचे डोळे भरून आले होते. त्या माझ्या उत्तराची वाट बघत होत्या.

"हो, वहिनी," मी म्हणालो.